कोरिंथ दुसऱ्यांदा जळालं

"आज येशूच्या जन्माआधीचं अक्षरही तोंडातून काढायचं नाही," एवांथियानं नवऱ्याला बजावलं.

"आणि नंतरचं?" थ्रासीवुलोसनं शर्टाची बटणं लावत विचारलं.

"नंतरचं परवाच्या पावसापासून पुढे. शपथ घे."

त्यानं आपल्या द्राक्षांच्या मळ्याची शपथ घेतली. तरी एवांथियाच्या जिवाला घोर होताच. लेकीचे, दाफ्नीचे, होणारे सासू-सासरे रोमहून पहिल्यांदाच जेवायला येत होते. आणि कोरिंथजवळच्या त्या गावात रोमनांना अजून माफ न केलेला थ्रासीवुलोस हा एकटाच माणूस उरला होता. इसवी सनापूर्वी एकशे सेहेचाळीस साली रोमन फौजेनं कोरिंथ जाळलं. थ्रासीवुलोस ते असं सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या गोठ्याची राख अजून गरम आहे.

व्याही आले. एत्तोरे हे लॅटिनचे निवृत्त मास्तर. ग्रीकही शाळेतच शिकलेले, त्यामुळे त्यांचं ग्रीक अडीच हजार वर्षं जुनं. दारातच हॅट काढून ते म्हणाले, "हे यजमानश्रेष्ठा, तुझ्या गृहाचे कल्याण असो!" कुंपणापलीकडची शेजारीण फिस्सकन हसली. विहीणबाई लोरेदानांना तेवढंही येत नव्हतं. पण त्यांनी एवांथियाच्या हातून सुरी घेतली, काकड्या पुढे ओढल्या, आणि दोघींचं तिथेच जमलं.

अंगणात कोळशावर अख्खं कोकरू सळईला लावलं होतं. सळई हातानं फिरवायची. थांबली की करपलं. ते काम पुरुषांचं. एवांथियानं दोघांना तिथे बसवलं, मध्ये वाईनचा तांब्या ठेवला आणि आत येऊन गुणगुणू लागली:

"लेक माझी द्राक्षवेल, गेली समुद्राच्या पार,
मांडव घाला व्याहीबुवा, घड लागतील फार."

बाहेर हवापाण्याचं बोलणं पहिल्या पेल्यातच आटलं.

"अग्नी उत्तम पेटला आहे," एत्तोरे म्हणाले.

"तुम्हाला कळणारच. जाळपोळीत तुमचा हात कोण धरणार?"

झालं!

"हे मित्रा, जे जाळले, ते आम्हीच पुन्हा वसविले!"

"शंभर वर्षांनी! तोवर आम्ही राहायचं कुठे?"

"तुमचा काळ तेव्हाच समाप्त झाला. आमचे रोम मात्र इसवी सनापूर्वी सातशे त्रेपन्नमध्ये, एकवीस एप्रिल रोजी..."

"सातशे शहात्तरला आमच्याकडे ऑलिंपियात शर्यती चालू होत्या! तुमच्या रोम्युलसला दूध पाजणारी लांडगीणसुद्धा तेव्हा जन्मली नव्हती. बरं, संपलात कधी?"

"इसवी सन चारशे शहात्तर." एत्तोरेंनी हॅट छातीशी धरली.

"साफ चूक! चौदाशे त्रेपन्न. कॉन्स्टँटिनोपल पडेपर्यंत तिथली माणसं स्वतःला रोमनच म्हणवत होती. माझी आजीसुद्धा म्हणवायची! तुमचं रोम आम्ही हजार वर्षं जास्त जगवलं, तेही ग्रीकमध्ये बोलून. आभार मानायचं सोडा..."

"माझे रोम केव्हा मेले, हे तू मला सांगणार?"

आता शतकं मोजायची तर दोन्ही हात लागतात. सळई कुणाच्याच हातात नव्हती.

वास आला तशी एवांथिया धावत बाहेर आली, मागून दाफ्नी. कोकरू एका अंगानं कोळसा, दुसऱ्या अंगानं कच्चं.

"बघ, बघ!" थ्रासीवुलोस ओरडला. "रोमनांनी कोरिंथ दुसऱ्यांदा जाळलं!"

एत्तोरे ताडकन उठले. हॅट डोक्यावर चढली. "लोरेदाना, चल! जेथे आमच्या मरणाची तारीख परस्पर ठरते, तेथे मी पुत्र देणार नाही."

लोरेदाना आत काकडी चिरत राहिल्या. दाफ्नीचे डोळे मात्र भरून आले. एवांथियानं लेकीकडे पाहिलं, हात ॲप्रनला पुसले आणि शांतपणे म्हणाली, "जाताय तर जा, व्याहीबुवा. फक्त लग्नाचा वार ऐकून जा. चर्चमध्ये मंगळवारच मोकळा आहे."

दाफ्नीनं तोंड उघडलं. एवांथियानं तिच्या पायावर पाय दिला.

"मंगळवार?" दोन गळ्यांतून एकच आरोळी उठली.

"अगं, वेड लागलं का तुला?" थ्रासीवुलोस म्हणाला. "मंगळवारी कॉन्स्टँटिनोपल पडलं! मी त्या दिवशी द्राक्षाच्या वेलीला कात्री लावत नाही, आणि तू पोरीचं लग्न लावतेस?"

"सत्य आहे, विहीणबाई! आमच्याकडेही मंगळवारी विवाह नाही, प्रयाण नाही."

थ्रासीवुलोस वळला. "तुम्हीपण मंगळवार पाळता?"

"अर्थात. तो युद्धदेव मार्सचा वार."

"मग चौदाशे त्रेपन्नच्या त्या मंगळवारी युद्धात हरलं कोण? रोमनच ना?"

एत्तोरेंनी हॅट काढून लिंबाच्या फांदीला अडकवली. "शक्यता... नाकारता येत नाही."

"बसा, व्याही," थ्रासीवुलोसचा आवाज एकदम मऊ झाला. "ही बाजू अजून कच्चीच आहे. तुम्ही सळई धरा, मी वारा घालतो."

"रविवार!" घटकेपूर्वी लग्न मोडून बसलेले एत्तोरे गरजले. "रविवारावाचून हा विवाह होणे नाही!"

"शब्द आहे कोरिंथकराचा!" थ्रासीवुलोसनं पेले भरले.

आत येताच दाफ्नीनं आईचा दंड धरला. "आई, पाद्रीबाबांनी तर गेल्याच आठवड्यात रविवार दिलाय ना?"

"दिलाय की," एवांथिया करपलेला तुकडा खरवडत म्हणाली. "पण त्या दोघांना मिळून जिंकायला काहीतरी नको का?"