लशीनंतरचा अर्धा तास

"लस टोचून घ्यायला सोबत कशाला लागते? मी काय लढाईवर चाललोय?" कात्रीकाकांनी रस्त्याच्या या कडेवरून समोरच्या औषधवाल्याला ठणकावून सांगितलं. "उभा जन्म लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, आता एका सुईला भिणार होय मी? हा गेलो आणि हा आलो!"

दाराला बांधलेल्या दोरीपलीकडून औषधवाला "जपून जा" म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. सोबत येतो असं काही तो म्हणाला नाही. काकांनी तरी कुठे विचारलं होतं म्हणा!

कात्रीकाका म्हणजे कोपऱ्यावरच्या केस कापायच्या दुकानाचे मालक, कारागीर आणि रहिवासी. पुढे दुकान, मागे खोली. बायको साथीच्या कितीतरी आधी गेलेली, मूलबाळ नाही. पण एकटेपणा म्हणतात तो कशाशी खातात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दिवसभर खुर्चीत कोणी ना कोणी असायचं, आणि मान कात्रीखाली असली की माणूस मुकाट्याने ऐकून घेतोच! मग साथ आली आणि दुकान बंद झालं. आता समोरासमोरच्या दोन आरशांमध्ये उभं राहिलं की एकामागे एक कात्रीकाका दिसायचे, थेट भिंतीच्या पोटात शिरलेले. एवढी गर्दी, पण बोलायला एकही तयार नाही!

लसीकरण शाळेच्या सभागृहात होतं. सिस्टरने सुई टोचली कधी आणि काढली कधी, काकांना कळलंसुद्धा नाही. ते जरा नाराजच झाले. एवढ्यासाठी का घोटून दाढी करून आलो?

"आता त्या खोलीत अर्धा तास बसायचं," सिस्टर म्हणाली. "काही त्रास झाला तर लगेच सांगायचं."

खोलीत पाऊल टाकलं आणि काका हरखले. माणसं! लांब लांब ठेवलेल्या खुर्च्यांवर, तोंड बांधून, पण माणसं! शिवाय सगळ्यांची डोकी महिनोन् महिने हात न लागलेली. पुढच्या गृहस्थांचे केस बायकोने कापलेत आणि तेही भांडण चालू असताना, हे काकांनी नुसत्या मानेवरून ओळखलं. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. काकांनी जे बोलायला सुरुवात केली ते केस गळण्यापासून थेट जगाच्या अंतापर्यंत जाऊन आले. बाई ऐकत होत्या. मधूनमधून "असं होय!" म्हणत होत्या. अर्धा तास कापरासारखा उडाला.

"काका, झाली वेळ," सिस्टर समोर येऊन म्हणाली. "काही होतंय का?"

काही होतंय का! कोणीतरी त्यांना विचारत होतं! खरं उत्तर होतं 'काही नाही'. पण काही नाही म्हटलं की उठायचं, रस्ता तुडवायचा, कुलूप काढायचं आणि पुन्हा आरशातली ती मुकी जत्रा बघत बसायचं.

"थोडं... गरगरतंय," काका म्हणाले.

झालं! सिस्टरने त्यांना बाकावर आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला. बाईंनी स्वतःची खुर्ची जवळ ओढली. पुढच्या भांडणग्रस्त मानेने वळून पाण्याची बाटली पुढे केली. काका छताकडे बघत सुखाने पडून राहिले. इतके लाड तर त्यांचे हर्नियाच्या ऑपरेशनलाही झाले नव्हते!

"आणि असे एकटेच आलात?" बाईंनी विचारलं.

इतपत ठीक होतं. पण त्या "एकटेच"मध्ये जी कीव होती, ती काकांना सुईपेक्षा जास्त टोचली.

"छे! एकटा कसला? मुलगा आहे, सून आहे. भरलं घर आहे माझं!"

"नातवंडं?"

"जुळी!" काका म्हणाले. द्यायचंच तर हात आखडता कशाला घ्या?

"मग नंबर द्या घरचा," सिस्टर म्हणाली. "मुलाला बोलावून घेते."

काकांना एकच नंबर तोंडपाठ होता, दुकानाचा. तो दिला. सिस्टरने फोन लावला. तिकडे बंद दुकानात, रिकाम्या खुर्चीशेजारी घंटा खणखणत असणार, हे काकांना पडल्या पडल्या दिसत होतं. सिस्टरने पुन्हा लावला. पुन्हा.

"कोणी उचलतच नाही!"

"कमाल आहे!" बाई कडाडल्या. "बाप इथे डोळे फिरवतोय आणि चिरंजीव कुठे आहेत?"

"कामावर असेल," काका घाईने म्हणाले. "फार राबतो बिचारा."

"आणि सूनबाई?"

"झोपली असेल."

"भर दुपारी?" बाटलीवाले गृहस्थ म्हणाले. "सासरा मरणाच्या दारात आणि सून घोरतेय!"

सगळी खोली सुनेवर तुटून पडली. काकांना राहवेना. आजवर कधी नव्हती ती सून, पण आता होती आणि तिला असं चारचौघांत बोललेलं कसं खपवून घ्यायचं?

"तिला काही म्हणायचं नाही हं!" ते ताडकन उठून बसले. "गुणाची पोर आहे! कालच लस टोचून घेतलीय तिने. ताप आलाय तिला!"

सिस्टरच्या कपाळावर आठी चढली.

"म्हणजे घरात ती एकटी, तापाने फणफणलेली, फोन उचलत नाही... आणि जुळ्यांजवळ कोण आहे?"

काकांनी पायाखालची उशी सारखी केली.

"केवढी आहेत मुलं?"

"रांगतात," काका पुटपुटले. जीभच ती! दुकान बंद पडल्यापासून तिला लगाम असा राहिलाच नव्हता.

"अहो, मग बसलात काय!" बाई ओरडल्या. सिस्टर दाराकडे धावता धावता हुकूम सोडत होती, "रुग्णवाहिका काढा! पत्ता घ्या यांच्याकडून! लागलं तर दार तोडा!"

दुकानाचं दार! काकांनी बाकावरून जी उडी मारली, ती पाहून कोणालाही वाटलं असतं की लस फारच गुणकारी आहे. "मी बघतो! मी जातो! बरं वाटतंय मला!" असं ओरडत ते सभागृहातून, फाटकातून आणि औषधवाल्याच्या समोरून वाऱ्यासारखे निघून गेले. "अहो, सावकाश!" औषधवाला म्हणाला. पण थांबतंय कोण!

कुलूप काढेपर्यंत आत फोन वाजतच होता. उचलावा तर पंचाईत, न उचलावा तर रुग्णवाहिका. काकांनी उचलला.

"कोण बोलतंय?" सिस्टरचा आवाज. "मुलगा का?"

काकांनी आवाज जाड केला. "हो. मुलगाच."

"बायको कशी आहे?"

"बरी आहे. ताप उतरला. मुलंही खेळतायत."



"आवाज अगदी वडिलांसारखा आहे हो तुमचा."

"सगळे तसंच म्हणतात," काका म्हणाले. त्यांना दरदरून घाम फुटला होता.

"मग ऐका. तुमच्या वडिलांना काहीही झालेलं नाही. त्यांचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे. गरगरत वगैरे काही नव्हतं. त्यांना घरी जायचं नव्हतं, एवढंच. कळतं आम्हाला. दिवसाकाठी असे एक-दोघे तरी असतात." ती थांबली. तिचा आवाज मऊ झाला. "रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसत जा. विचारत जा, काही होतंय का म्हणून. बसाल ना?"

कोणीतरी काकांसाठी भांडत होतं आणि ते ऐकायला त्यांना दुसराच माणूस व्हावं लागलं होतं.

"बसेन," ते कसेबसे म्हणाले.

"आणि दुसऱ्या डोसला त्यांना एकटं पाठवू नका. स्वतः घेऊन या. मी वाट बघते तुमची."

फोन बंद झाला. दुकानात पुन्हा सामसूम झाली. पण शब्द दिला होता, तो पाळायला हवा. काकांनी गिऱ्हाइकाची खुर्ची पुसली, दोन आरशांच्या मधोमध ओढली आणि ते बसले.

"काही होतंय का?" त्यांनी विचारलं.

आरशातल्या सगळ्यांनी एकदमच विचारलं, त्यामुळे उत्तर द्यायला कोणी उरलंच नाही!

मग काकांनी रांगेच्या अगदी टोकाला नजर लावली. तिथला शेवटचा, बोटभर उंचीचा कात्रीकाका बराच तरुण वाटत होता. इतक्या लांबून सुरकुत्या दिसत नव्हत्या.

"तू चल रे माझ्याबरोबर दुसऱ्या डोसला," काका त्याला म्हणाले. "मुलगा म्हणून."

पोरगं गुणी! लगेच मान हलवली. फक्त त्याचाही दंड दुखत असावा. मघापासून तो चोळत बसला होता.