गॅरेजमधला डोंगर

खांबेटेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते त्यांच्या गॅरेजमध्ये डोंगर चढत होते.

अंगात बनियन, खाली हाफपँट, पाठीवर दोरीने आवळून बांधलेली दहा किलो कणकेची पिशवी. पायात घोट्याच्या वर वीतभर जाणारे चामड्याचे बूट, आणि त्या बुटांवर चढवलेल्या, आंघोळीच्या वेळी बायका डोक्याला घालतात तसल्या प्लॅस्टिकच्या फुलाफुलांच्या टोप्या. समोर प्लायवूडचा तिरका उतार, त्यावर जुनी गोधडी ठोकलेली. काका चढायचे, सात पावलांत डोंगर संपायचा, मग वळून उतरायचे. मी शेजारी नवीन राहायला आलेली, ओळख करून घ्यावी म्हणून रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन दारात उभी.

"ये, ये," काका न थांबता म्हणाले. "चौतीस झाल्यात. पन्नास झाल्या की बोलू."

पन्नास झाल्यावर मी विचारलं, "कुठल्या डोंगरावर निघालाय?"

"ते आमचा रोहन ठरवेल. आधी बूट तर ठरू देत. घाई कुणाला आहे?"

"घाई कुणाला आहे?" हे त्यांचं पालुपद. चहा निवला तरी तेच, विमान सुटायला आलं तरी तेच. तीन वर्षं ते शिकारीला जायचे बूट निवडत होते. आता ह्यात तीन विनोद आहेत ते आधीच सांगते. एक, खांबेटेकाका जन्माचे शाकाहारी. झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात आणि वर त्याला मराठीत दोन शब्द सुनावतात. दोन, आमचं गाव पोळपाटासारखं सपाट. इथला सगळ्यात मोठा चढ म्हणजे सुपरमार्केटचा ट्रॉली चढवायचा रॅम्प. आणि तीन, डोंगरातले बूट मिळतील असं जवळचं दुकान मेलबर्नला, गाडीने पाच तास. गावातल्या एकुलत्या एक दुकानात चिखलातले गमबूट मिळतात आणि समुद्रावरचे स्लिपर. समुद्र सहा तासांवर आहे.

म्हणून काका बूट ऑनलाइन मागवायचे, घालून बघायचे आणि परत पाठवायचे. मी आले तेव्हा नववा जोडा चालू होता.

काका काउन्सिलमध्ये रस्त्यांचे इंजिनिअर. सपाट गावात रस्ते बांधणाऱ्या माणसाचं कौशल्य कुठे वापरलं जाणार? ते सगळं बुटांवर निघालं. दिनदर्शिकेच्या पानामागे त्यांनी पावलांचे आराखडे काढले होते: सकाळचं पाऊल, संध्याकाळचं पाऊल, जेवणानंतरचं पाऊल. "जेवणानंतर पाऊल वाढतं?" मी विचारलं. "श्रीखंडानंतर दोन मिलिमीटर," काका गंभीरपणे म्हणाले. विद्याकाकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पोट मोजा म्हणावं."

पण खरी पंचाईत वेगळीच होती. दुकानाची अट अशी की बूट परत करायचे असतील तर ते फक्त घरात घालून बघायचे, बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि काकूंची अट अशी की पायात काहीही असो, उंबऱ्याच्या आत यायचं नाही. गेली सव्वीस वर्षं ऑस्ट्रेलियात त्यांनी प्लंबरपासून काउन्सिलच्या मेयरपर्यंत सगळ्यांना दारात बूट काढायला लावलेत. त्यातून चामडं. चामड्याचा वास आला की काकूंचं डोकं चढतं. म्हणजे दुकान बाहेर जाऊ देईना आणि बायको आत येऊ देईना. माणसाने करावं काय?

काकांनी आधी वाद घातला. "अगं, कोरे बूट आहेत. ह्यांनी अजून जमीन पाहिलेली नाही. तत्त्वतः हे माझ्या पायांपेक्षा स्वच्छ आहेत."

"मग पायही धुऊन या," काकू म्हणाल्या. "चपला घालून फिरायला ही काय धर्मशाळा आहे?"

मग गॅरेज हे घरात धरायचं की बाहेर, हे विचारायला काकांनी दुकानाला फोन केला. पलीकडे टीगन नावाची मुलगी. तिने वरिष्ठांना विचारून कळवलं की गॅरेजमध्ये कापड अंथरलेलं असेल तर चालेल. म्हणून ती गोधडी आणि म्हणून त्या टोप्या. पुढे टीगनची आणि काकांची इतकी ओळख झाली की ती फोन उचलताच "हाउज द लेफ्ट हील, मिस्टर के?" असं विचारायची. एकदा तिने सहज विचारलं, "सो वॉट आर यू हंटिंग, मेट?"

"नथिंग," काका म्हणाले. "आय अ‍ॅम व्हेजिटेरियन."

मग टीगन म्हणाली, "नो वरीज."

मी इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते. ही माहिती मी काकांना द्यायला नको होती. एका दुपारी ते बारावा जोडा खोक्यासकट घेऊन डिपार्टमेंटच्या दारात हजर. "मृदुला, एक छोटं काम. बुटात पाय घालतो, तू फोटो काढ. अंगठ्यापुढे नेमकी किती जागा उरते ते बाहेरून कळत नाही."

"काका, माझं लायसन्स जाईल."

"पाय दुखतो म्हणून लिही."

"दुखतो का?"

"अजून नाही. पण जागा कमी असेल तर उतरताना दुखणारच ना? हा आधीच काढलेला एक्स-रे समज."

मी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं आणि घरी येऊन पोट धरून हसले. नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. आमच्याकडे तेव्हा खांबेटेकाका हा रोजचा करमणुकीचा कार्यक्रम होता. हे आता लिहायलाही मला लाज वाटते, पण होता.

मग एकदा काकूंबरोबर कोथिंबीर निवडत बसले होते. काका नेहमीप्रमाणे पलीकडे डोंगर चढत होते, भिंतीतून धप धप ऐकू येत होतं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही हे कसं सहन करता? आणि शिकारीचं खूळ आलं कुठून?"

"रोहनमुळे," काकू म्हणाल्या. रोहनबद्दल मी ऐकून होते, मुलगा डोंगरांकडे कुठेतरी असतो एवढंच. बाकीचं त्या दिवशी कळलं. रोहन इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. एके दिवशी युनिव्हर्सिटी सोडून आला आणि म्हणाला, मला ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचीत. काका ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "आता तुझं तू बघ." त्याने बघितलं. डोंगरांजवळच्या गावात गॅरेजात लागला, तिथल्याच पोरांबरोबर हरणाच्या शिकारीला जायला लागला. तेव्हापासून सहा वर्षं बापलेकांचं फोनवरचं बोलणं म्हणजे, "कसा आहेस?" "गुड." "आईला देतो."

"आणि तीन वर्षांपूर्वी त्याचा ह्यांना मेसेज आला," काकू म्हणाल्या. "आपणहून. मला नाही, ह्यांना."

तो मेसेज काकांनी कागदावर छापून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवला होता. मी तो कितीदा पाहिला होता, मला वाटायचं बुटाची जाहिरात आहे. 'कम अप फॉर अ हंट समटाइम, बाबा. बट गेट प्रॉपर बूट्स.'

"मग जात का नाहीत?"

"घाबरतात," काकू म्हणाल्या. "बूट चुकले, वर जाऊन पाय मुरगळला, त्याच्यावर ओझं झालं, तर तो परत बोलावणार नाही असं डोक्यात बसलंय. एकदाच बोलावलंय ना. तेवढं एकच तिकीट आहे त्यांच्याकडे, ते वाया घालवायचं नाहीये."

त्यानंतर भिंतीतून येणाऱ्या धप धपीला मला हसू येईना.

जूनमध्ये रोहनचा दुसरा मेसेज आला. त्याला पर्थच्याही वरच्या खाणीवर नोकरी लागली होती, तिथल्या अवाढव्य ट्रकची इंजिनं बघायची. दोन वर्षांचा करार. निघायच्या आधीचा शेवटचा वीकेंड तो डोंगरावर जाणार होता. पुढे एवढंच: 'यू कमिंग?'

काका माझ्याकडे फोन घेऊन आले. मी पहिल्यांदाच त्यांना घाईत पाहिलं. चष्मा कपाळावर होता आणि ते तो खिशात शोधत होते. "नऊ दिवस आहेत," ते म्हणाले. "सतरावा जोडा बुधवारी येतोय. टीगन म्हणाली की तो माझ्या पायासाठीच जन्माला आलाय."

सतरावा जोडा बुधवारी आला आणि बुधवारीच परत गेला. चूक कुणाचीच नाही, सगळी काकांची. पार्सल मागवताना सूचनांच्या चौकटीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की घरी कुणी नसल्यास खोकं बाहेर ठेवू नये, दवाने चामडं फुगतं. दोघंही कामावर होती. कुरिअरवाल्या भल्या माणसाने सूचना वाचली, पाळली, आणि खोकं दोन तासांवरच्या डेपोत नेऊन ठेवलं. पुढची फेरी सोमवारी. काकांनी डेपोत जायचं ठरवलं तर डेपो चारला बंद आणि गुरुवारी-शुक्रवारी दोन्ही दिवस ते सुटले साडेचारला. आणि रोहनने बोलावलं होतं शनिवारी सकाळी.

शुक्रवारी संध्याकाळी काकूंनी मला हाक मारली. काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर फोन. रोहनला लिहिलेला मेसेज अजून पाठवला नव्हता. 'बूट्स नॉट अरायव्ह्ड. नेक्स्ट टाइम.'

"काका, हे पाठवू नका," मी म्हटलं.

"अगं, तो स्पष्ट म्हणालाय, प्रॉपर बूट्स. मी काय स्लिपर घालून जाऊ? तो मला वरून खाली खांद्यावर आणणार का?" त्यांचा आवाज चढला आणि एकदम बसला. "पुढच्या वेळी जाईन. घाई..." आणि वाक्य तिथेच राहिलं.

काकू उठून गॅरेजमध्ये गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बूट होते. जुने, टाचेला घासलेले, रोहनचे. पहिल्यांदा शिकारीला जायला लागला तेव्हा घेतलेले, नवे घेतल्यावर इथे टाकून दिलेले. ज्या बाईने मेयरला दारात थांबवलं, तिने ते बूट उंबरा ओलांडून आत आणले, देवघरावरून नेले आणि हॉलच्या मधोमध काकांच्या पायांशी ठेवले.

"घाला," काकू म्हणाल्या.

"अगं, दोन साइज मोठे आहेत."

"तीन मोजे घाला." मग म्हणाल्या, "बापाचा जोडा मुलाच्या पायात यायला लागला की मुलाला मित्रासारखं वागवावं म्हणतात. तुम्हाला ते वेळेवर जमलं नाही. आता उलटं करून बघा."

मी बूट हातात घेतले. वाटलं होतं इतकी वर्षं पडलेलं चामडं वाळून कडक झालं असेल. पण ते लोण्यासारखं मऊ होतं, आणि खोबरेल तेलाचा वास येत होता. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी हळूच मानेने काकांकडे खूण केली. नंतर अंगणात मला म्हणाल्या, "दर दिवाळीला लावतात. गॅरेजचं दार लावून. मला कळत नाही असं वाटतं त्यांना."

शनिवारी पहाटे काका गेले. रविवारी संध्याकाळी परत आले ते पायात काकूंचे गुलाबी स्लिपर घालून, गाडीत चुकून राहिलेले. पायाला सात फोड. तीन वर्षांचं संशोधन, सतरा जोडे, प्लायवूडचा डोंगर, आणि माणूस सात फोड घेऊन आला. काकूंनी गरम पाण्याची बादली आणून ठेवली आणि मी लगेच विचारलं, "हरीण मिळालं?"

"दिसलं," काका म्हणाले. "समोरच्या उतारावर. रोहनने आधी दुर्बीण माझ्या हातात दिली. मग कानाशी येऊन विचारलं, बाबा, मारू?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, घाई कुणाला आहे? तो हसला. तेवढ्यात ते गेलं."

मग त्यांनी पाय बादलीत सोडले. "तिथे बोलायचं नसतं. आवाज झाला की हरीण पळतं. दोन दिवस आम्ही शेजारी शेजारी बसून होतो, एक अक्षर नाही. सहा वर्षं आम्ही बोलत नव्हतोच, पण मृदुला, हे गप्प बसणं वेगळं होतं. हे आम्ही दोघं मिळून गप्प बसलो होतो."

काकू पाण्यात मीठ टाकत होत्या.

"उतरताना लेस सुटली," काका म्हणाले. "तो थांबला, बूट ओळखले त्याने. हात लावून बघितला. म्हणाला, सो सॉफ्ट, कोणी तेल लावलं? मी म्हटलं, तुझी आई लावते."

"अहो, मला चामड्याचा वास सहन होत नाही," काकू म्हणाल्या. "त्याला ठाऊक आहे ते."

"हो," काका म्हणाले. "तो खाली बसला आणि माझी लेस बांधून दिली. डबल गाठ. लहान असताना मी त्याची बांधायचो तशी."