आयलीच्या जागेची भरती

माणूस गेल्यावर गावाचं नेमकं काय गेलं, हे गावाला अंत्यविधीनंतरच्या कॉफीच्या वेळी कळतं. कॅनडाच्या उत्तरेकडल्या पाइक नॅरोजमध्ये तरी असंच आहे. आयली लाम्पिनेन जानेवारीत गेली. डॉक्टरांनी तसं सांगितलं, चर्चची घंटा वाजली, तिच्या बेकरीचे पडदे खालीच राहिले, तरी गावाला ती गेल्याचं म्हणावं तसं उमगलं नव्हतं. ते उमगलं शनिवारी, चर्चच्या तळघरात. लोकांनी कॉफी ओतून घेतली, सवयीने पुल्ल्यासाठी हात पुढे केला, आणि ताटात हायवेवरच्या पेट्रोल पंपावरून आणलेले डोनट निघाले.

पुल्ला म्हणजे वेलदोडे घातलेला, वेणीसारखा गुंफलेला गोड पाव. इथले फिनिश लोक त्याच्याशिवाय माणसाला निरोप देत नाहीत. जे फिनिश नाहीत त्यांनीही ही पद्धत आनंदाने उचलली आहे (त्यासाठी काही सोडावं लागत नाही, पाव तेवढा खावा लागतो). गावातल्या प्रत्येक मयताचा पुल्ला आयलीने भाजला होता. स्वतःचा भाजायचा राहून गेला.

"डोनट तसे वाईट नाहीत," मर्व्ह हालोरन म्हणाला. तो हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि गावातल्या बहुतेक समित्यांचा अध्यक्ष आहे.

"वाईट नाहीत रे, पण हे खाऊन कोणाला रडू येईल का?" पोस्टातली सोलांज त्रुदेल म्हणाली.

आयलीच्या नवऱ्याने, आर्वोने, हातातला डोनट कोटाच्या खिशात ठेवला.

इथे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते, म्हणून त्या दिवसांत गेलेल्यांना लगेच पुरत नाहीत. ते दफनभूमीतल्या दगडी खोलीत मे महिन्याची वाट पाहतात (अजून कोणाची तक्रार आलेली नाही). मग दफन होतं आणि पुन्हा एकदा कॉफी होते. तळघराचा जिना चढताना आर्वोने मर्व्हला गाठलं.

"मेमध्ये डोनट चालणार नाहीत."

"मग भाजणार कोण? तू?"

"मी भट्टी सांभाळतो. कणीक तिची होती."

"मग माणूस मागवू. योजना आहे ना आपली."

योजना सरकारची आहे आणि ती अत्यंत शहाणपणाची आहे. लहान गावांत कोणी राहत नाही हे सरकारच्या लक्षात आलं. का राहत नाही हे विचारत बसण्यात वेळ गेला असता. त्यापेक्षा उरलेल्या जगातून माणसं बोलवावीत असं ठरलं. गावातल्या मालकाने खरी, कायमची नोकरी देऊ करायची, गावच्या समितीने शिफारस करायची, की बाहेरच्या माणसाला देशात कायमचं राहता येतं. बदल्यात त्याने एकच गोष्ट दाखवायची : याच गावात राहण्याची इच्छा. इच्छा तराजूत घालता येत नाही, म्हणून तिला शंभरपैकी गुण देतात.

समितीची बैठक मर्व्हच्या दुकानामागे, रंगाच्या डब्यांच्या मधोमध झाली. नोकरीचं वर्णन मालकाने लिहायचं असतं. आर्वोने लिहून आणलं होतं : बेकर. पहाटे उठणे. कणीक. पुल्ला.

"आणि लायब्ररीच्या पायऱ्यांवरचा बर्फ?" सोलांजने विचारलं.

"तो आयली काढायची?" मर्व्ह म्हणाला.

"मग काय, तुझ्या भाषणाने वितळत होता?"

नियम असा आहे की नोकरीतलं कोणतंही काम उमेदवारापासून लपवता येत नाही. समितीने ते मनावर घेतलं. म्हाताऱ्या एइनोला गाडीतून शहरातल्या इस्पितळात नेणं. कोणाच्या घराचे पडदे सकाळी उघडले नाहीत त्यावर लक्ष ठेवणं आणि जाऊन दार वाजवणं. मुलांच्या हॉकीच्या सामन्यात दोन विशिष्ट वडिलांना शेजारी बसू न देणं. पाद्री चुकीचं भजन सुरू करू लागला की आधीच बरोबर भजन मोठ्याने म्हणायला लागणं. मर्व्हला, त्याचं चुकतंय, असं सांगणं.

"हे काम होतं?" मर्व्हने विचारलं.

"पूर्ण वेळेचं," सोलांज म्हणाली.

पण एका माणसाला एकच व्यवसाय, असाही नियम आहे. तेव्हा आयलीची वाटणी करावी लागली. बेकर, चालक, सफाई कामगार, वृद्धांची सेविका, सुरक्षारक्षक (हॉकी), संगीत शिक्षिका. मर्व्हची चूक दाखवण्याचं काम व्यवस्थापन सल्लागार या सदरात गेलं; पगार त्यालाच सगळ्यांत जास्त निघाला. एकूण सात माणसं झाली. गावाला वर्षाला नऊ माणसांची मंजुरी आहे.

"दोन शिल्लक राहतात," मर्व्ह समाधानाने म्हणाला. "म्हणजे या वर्षी आणखी एकच कोणीतरी मरायचं, आणि तेसुद्धा फारसं कामाचं नसलेलं."

आठवी जागा त्याने तिथेच भरायला काढली. दफनभूमीत खड्डे खणणारा टॉइवो पानगळीच्या दिवसांत पश्चिमेला तेलाच्या कामावर निघून गेला होता. ती बागकामाच्या सदरात घातली.

"अजून एक काम आहे," आर्वो म्हणाला. "शनिवारी सौनाच्या वाफेत माझ्याशेजारी गप्प बसणं."

मर्व्हने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "याला सदर नाही, आर्वो."

"माहीत आहे. सांगून ठेवलं."

बेकरच्या जागेसाठी मारिविक दुमलाओ हिची मुलाखत फेब्रुवारीत फोनवर झाली. ती मूळची फिलिपिन्सची, टोरांटोजवळच्या पावाच्या कारखान्यात कामाला. तिथे पावाला हात लावायला बंदी होती. पाव पट्ट्यावरून जाताना नुसता पाहायचा. मर्व्हही फोनवरच होता. तो दर वर्षी फेब्रुवारी लागला की फ्लोरिडाला जातो.

"इथला हिवाळा फार कडक असतो," तो म्हणाला. मागे समुद्रपक्षी ओरडत होते. "तुम्ही टिकाल?"

"टिकेन, सर. तुम्ही कसे टिकता?"

सोलांजला खोकला आला.

गावात नातेवाईक? शून्य गुण. मासेमारीची आवड? मासे खाण्याची आहे, म्हणून अर्धे. बर्फावरून गाडी चालवणं? शून्य. शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का, असं रीतसर विचारलं.

"तुमची मुलं जवळच राहत असतील ना?" मारिविकने विचारलं. "म्हणजे माझ्या मुलीला सोबत होईल."

फोनवर फक्त पक्षी ऐकू आले. मर्व्हची तिन्ही मुलं कॅलगरीत असतात. सोलांजचा मुलगा माँट्रियलला. आर्वोची मुलगी व्हँकूव्हरला, रविवारी फोन करते.

त्या संध्याकाळी सोलांजने, केवळ अभ्यास म्हणून, समितीच्या मुलांना गुण दिले. जन्म इथला, नातेवाईक इथले, थंडीची सवय, मासेमारी उत्तम. एकालाही नव्वदच्या खाली गुण मिळेनात. मारिविकला एकेचाळीस होते. समितीने आकडे समोर ठेवून निष्कर्ष काढला : ज्यांना जास्त गुण मिळतात ते निघून जातात. मारिविकची शिफारस एकमताने झाली.

ती एप्रिलमध्ये मुलीला घेऊन आली, तूर्त तात्पुरत्या परवान्यावर. पहिला पुल्ला आर्वोने चाखला आणि खाली ठेवला.

"वेलदोडे कमी आहेत."

"पाकिटावर लिहिलेत तेवढे घातले, सर."

"सर नको म्हणूस. आयली पाकीट वाचायची नाही. ती कुटायची."

"किती?"

आर्वोला ते माहीत नव्हतं. ती कुटायची तेव्हा तो बेकरीच्या वरच्या खोलीत अंथरुणात असायचा. अर्ध्या झोपेत खलबत्त्याचा आवाज ऐकायचा, आणि आवाज थांबला की उठायचा. म्हणून तो वर गेला, भर दुपारी, बुटांसकट आडवा झाला, डोळे मिटले. खाली मारिविक कुटायला लागली. बऱ्याच वेळाने त्याने टाचेने जमिनीवर ठोकलं.

"एवढे?" ती खालून म्हणाली. "हे तर लग्नाला पुरतील."

"तेवढेच," आर्वो वरून म्हणाला. तो लगेच खाली आला नाही. तिने हाक मारली नाही.

पुढचा पुल्ला बरोबर झाला.

मे आला. गावच्या कॅनडा-हंसांनी परत येऊन तसं जाहीर केलं. मर्व्हही आला. जमीन मऊ झाली, कॉफीचे डबे तळघरात पोचले, पुल्ला तयार. खड्डे खणणाऱ्या माणसाचा मात्र पत्ता नव्हता.

"माझ्याकडे यंत्र आहे," मर्व्ह म्हणाला. "सकाळी सुरू केलं तर जेवणाआधी होईल."

"नको," आर्वो म्हणाला. "जागा जाहीर केली आहे. रीतसर भरू दे."

"वर्ष जाईल त्यात."

"जाऊ दे. नियम आहेत."

योजनेला इतका निष्ठावान पाठीराखा दुसरा मिळणार नाही. आर्वो दर आठवड्याला पोस्टात येतो, अर्ज आलेत का विचारतो, आणि नाही म्हटल्यावर आला होता त्याहून हलक्या पावलांनी जातो. सोलांजच्या हे लक्षात आलं आहे. मर्व्हला त्याचं चुकतंय असं सांगणारी जागा अजून रिकामी असल्याने तो दर वेळी यंत्राचा विषय काढतो.

तेव्हा हे वाचता वाचता तुम्ही मनात स्वतःचे गुण मोजायला लागला असाल, तर लाजू नका. सगळेच मोजतात. आठवी जागा रिकामी आहे, अनुभवाची अट नाही. गावात कायमचं राहाल का, हे विचारलं जाईल. तुमच्या स्वतःच्या गावाने हे तुम्हाला कधी विचारलं होतं का, आणि विचारलं असतं तर किती गुण पडले असते, हे विचारलं जाणार नाही.

मारिविक दर शनिवारी ताजा पुल्ला भाजते, न जाणो, दफन ठरलंच तर, म्हणून. सोमवारपर्यंत गाव तो संपवतं. आर्वोच्या शेडमध्ये फावडं आहे, त्याला त्याने धार लावून ठेवली आहे.

आयलीला पुरायचं राहिलं आहे.