खुंटीची समाधानकारक वाढ

जगात स्थिर असं काहीच नाही. जे स्थिर दिसतं, त्याची मोजणी व्हायची राहिलेली असते. हे ओळखूनच मृदा खात्यानं टेकडीच्या उतारावर एक लोखंडी खुंटी ठोकली. जमिनीत दोन वीत, जमिनीवर एक वीत. माती वाहून जाते का, एवढंच पाहायचं होतं.

गवतात खुंटी दिसेना, म्हणून गवत काढलं. सावलीत आकडे वाचता येईनात, म्हणून झाडं काढली. (मोजणी अचूक हवी. बाकी सगळी हौस.) मग पाऊस आला. उघड्या मातीला एकेक थेंब थोबाडीत बसावी तसा बसला. उडालेले कण पाण्याबरोबर उतरले, पाण्याच्या ओघळी झाल्या, ओघळींच्या घळी. उरलीसुरली भुसभुशीत माती उन्हाळ्यात वाऱ्यानं नेली, तीही झाडूनपुसून. इतकं मन लावून केलेलं काम मी खात्यात तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

वर्षअखेर खुंटी जमिनीवर दीड वीत भरली. फॉर्मवर रकाना एकच, 'खुंटीची उंची'. साहेबांनी शेरा मारला, 'वाढ समाधानकारक'. पुढच्या वर्षी अडीच वीत. 'वाढ उल्लेखनीय'. जिथं लोखंडसुद्धा वाढतं ती जमीन किती सुपीक, यावर तीन दिवस चर्चासत्र झालं. (उपस्थिती शंभर टक्के, जेवणानंतर अकरा.) तिसऱ्या वर्षी खुंटी आडवीच झाली. पूर्ण तीन वीत मोजता आली, तेव्हा 'उद्दिष्ट साध्य' लिहून शेजारी नवी ठोकली.

खुंटीच्या वरच्या अंगाला मोजणीदाराच्या आत्याचं घर.

"अरे, पाया उघडा पडलाय," आत्या म्हणाली. "मागच्या भिंतीखालून कोंबडी आरपार जाते!"

"आत्या, कागदावर तुझं घर उंच होतंय गं," मोजणीदार म्हणाला.

"मग कागदावरच राहायला जा, मेल्या! घर वर नाही चढलं, जमीन खाली गेलीय. उताराला आडवा दगडी बांध घाला, चार झाडं लावा. नाहीतर या पावसात भिंत जाते माझी."

अर्ज झाला. उत्तर आलं, 'बांधामुळे खुंटीच्या वाढीवर विपरीत परिणाम संभवतो. सबब नामंजूर.'

आत्या थेट साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. साहेब मनानं मऊ. (कण्यानंही.)

"आत्याबाई, नियमात एक वाट आहे," ते म्हणाले. "हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक असलेल्या एका तरी माणसानं हरकत घेतली, तर बांध लगेच मंजूर. पण तो नात्यातला नको आणि खात्यातला नको."

मोजणीदार नात्यातला. साहेब खात्यातले, शिवाय प्रकरण त्यांना ठाऊक नाही. मी खात्याच्या पेन्शनवर, म्हणजे खात्यातलाच. तेव्हा बाहेरचा कुणीतरी सापडावा म्हणून मी सगळं प्रकरण सविस्तर लिहून काढलं. आत्या साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसून राहिली. तिकडे भिंत कलली होती आणि आभाळ भरून आलं होतं.

माणूस सापडला. त्यानं पहिल्या ओळीपासून इथपर्यंत सारं समजून घेतलं, मधूनमधून तो हसला, आणि जागचा हलला नाही. साहेबांनी त्याची नोंद 'हरकत नाही' या रकान्यात केली आहे.

सहकार्याबद्दल खातं आपलं आभारी आहे.