नंदूची आढी

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सात वाजता आमच्या पडवीत एक गृहस्थ उभ्याने प्रगती अहवाल वाचतो. श्रोता मी एकटा. गृहस्थाचं नाव नंदू, वय एकेचाळीस, हुद्दा 'संस्थापक'. कंपनीत संस्थापक सोडून दुसरं कोणी नाही, त्यामुळे मतभेद होत नाहीत. कार्यालय शेजारीच, त्याच्या घराच्या माळ्यावर. मी त्याला शाळेत गणित शिकवलं, त्याचे भोग आहेत हे.

नंदू आंबा-बागायतदाराचा मुलगा. दहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर करून परत आला, पण भाषा बागेतलीच राहिली. कल्पना सुचली की 'पालवी फुटली'. पडद्यावर काहीतरी हललं की 'मोहोर आला'. प्रोग्रॅममध्ये चुका निघाल्या की 'तुडतुडे पडलेत, सर'. कोणी ॲप घेऊन दुसऱ्या दिवशी काढून टाकलं तर 'किरकोळ फळगळ'. आणि काम जवळजवळ झालंय म्हणायचं असेल तर 'आढीत घातलंय'. गवतात रचलेला आंबा पंधरा दिवसांत पिकतो. नंदूच्या आढीत सहा प्रकल्प तीन वर्षं पडून आहेत.

त्यातला एक फोटोवरून माडाचे नारळ मोजतो. आमच्या माडाचे त्याने एकतीस मोजले. माणूस चढवला तर उतरले चौदा.

"बाकीचे सतरा कुठायत रे?"

"ते पुढच्या हंगामाचे धरलेत, सर."

दुसरा प्रकल्प खाडीवरची होडी किती वाजता सुटेल ते सांगणार होता. नंदूने होडीवाल्याकडे वेळापत्रक मागितलं. तो म्हणाला, "माणसं भरली की सुटते. तुझ्या फोनात भरतायत काय माणसं?" नंदूने अहवालात लिहिलं, 'या क्षेत्रातील जाणकाराकडून मौलिक सूचना प्राप्त.'

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण नंदूचा थोरला भाऊ सुहास मुंबईला असतो आणि अहवालाची एक प्रत त्यालाही जाते. त्याने यंदा बजावलं, गणपतीपर्यंत एक तरी प्रकल्प पूर्ण करून दाखव, नाहीतर माळा बंद. तू पुण्याला नोकरी धर, आई माझ्याकडे येईल. त्यांची आई, म्हणजे आमच्या वहिनी, मुंबईत चार दिवसांवर टिकत नाहीत. चौदाव्या मजल्यावर त्यांना जेवण जात नाही. निकाल मात्र सुहासला माझ्याकडूनच हवा होता, कारण मी आयुष्यात कुणाला अर्धा गुण फुकट दिलेला नाही.

आणि नेमका श्रावणातल्या एक तारखेला नंदू आलाच नाही. साडेसात झाले. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण चहाला चव लागेना. शेवटी उठलो आणि त्यांच्याकडे गेलो.

दारातून हाक मारली. ओ नाही. आत पाहिलं तर वहिनी कुकरकडे पाठ करून नारळ खवत होत्या. एक शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मग कमरेला खोचलेला फोन थरथरला, तशा त्या उठल्या, गॅस बंद केला आणि मागे मला बघून केवढ्यांदा तरी दचकल्या.

नंदू माळ्यावरून उतरला. माझ्या चेहऱ्यावरून समजला.

"दीड वर्ष झालं, सर. अजिबात येत नाही ऐकू. कानातलं यंत्र लावलं की गरगरतं म्हणते. दोनदा कुकर जळला, मग हे केलं. शिट्ट्या मोजतं. कडी वाजली तरी कळवतं."

"यात तुडतुडे?"

"नाहीत. एकदाही चुकलं नाही."

"मग गाढवा, अहवालात का नाही?"

"दादा वाचतो ना. आईला ऐकू येत नाही कळलं तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येईल."

"त्याचे फोन?"

"आई पूजेला बसलीय सांगतो."

म्हणजे वहिनी दीड वर्ष पूजेला बसल्या होत्या! "आणि गेल्या गणपतीत तो घरी होता तेव्हा?"

"गणपतीत कोणाला कोणाचं ऐकू येतं, सर?" नंदू हसला, पण ते हसू टिकलं नाही. "आज काय वाचणार होतो? बाकीच्यांतलं एकही होणार नाही."

मला माझी लाज वाटली. शेजारी राहून वहिनींचं मला कळलं नव्हतं, आणि तीन वर्षं मी या माणसाची टिंगल करत होतो. त्याने एकच काम पुरं केलं होतं आणि तेवढंच त्याला कुणाला दाखवता येत नव्हतं.

गणपतीच्या आठ दिवस आधी सुहासचा फोन आला. "सर, खरं सांगा. झालं का एक तरी पूर्ण?"

"झालं. कुकरच्या शिट्ट्या मोजतं. शंभरपैकी शंभर."

"शिट्ट्या? ते कोण वापरणार?"

"मी वापरतो," मी म्हणालो. "मला हल्ली ऐकू येत नाही."

मग सुहास फोन फुटेल एवढ्या जोरात ओरडला, "सर, मग चालू दे त्याचं! आई तिथेच राहू दे!"

फोन हातभर लांब धरला होता तरी शब्द न् शब्द ऐकू आला.

"काय म्हणालास?" मी म्हटलं. "परत एकदा सांग."