स्वागत समितीचा जवान

कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका वाडीचा ऋषिराज सैन्यात भरती झाला आणि प्रशिक्षण केंद्रात कांजिण्या येऊन आडवा पडला. गोळीबाराची परीक्षा हुकली. उस्तादांनी, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या हवालदारांनी, त्याला पुढच्या तुकडीत ढकललं आणि विषय संपवला. सैन्याच्या लेखी ही किरकोळ बाब होती. वाडीच्या लेखी ते राष्ट्रीय संकट होतं.

कारण प्रशिक्षण संपवून येणाऱ्या जवानाला उघड्या जीपमधून मिरवत आणायची वाडीची रीत. फ्लेक्स लागले होते, डॉल्बी ठरला होता आणि मुख्य म्हणजे साहेबांची तारीख मिळाली होती. साहेब कोण, हे विचारायची वाडीत पद्धत नाही.

स्वागत समितीचे अध्यक्ष लालासाहेब यांनी ऋषिराजला फोनवरून हजर राहण्याचं रीतसर फर्मावलं. त्याची स्वतःची हौस एवढीच, की वर्दीत दारात उभं राहावं आणि आईनं ओवाळावं. तो निघाल्यापासून तिनं, मनुबाईनं, तो परतेपर्यंत गोड सोडलं होतं. म्हणून तो भीत भीत सुट्टी मागायला गेला.

"तेरा कमांडिंग अफसर कौन है?" उस्तादांनी शांतपणे विचारलं. "मैं या लालासाहेब?"

प्रश्न अवघड होता. ऋषिराज विचार करत राहिला, म्हणून संध्याकाळपर्यंत मैदानात कोलांट्या खात राहिला.

इकडे समितीनं ठराव केला: स्वागतास जवानाची उपस्थिती इष्ट असली तरी आवश्यक नाही. दर भरतीत धावण्यात नापास होणारा धुळा ऋषिराजच्याच मापाचा होता. सांगलीहून नाटकवाल्याची वर्दी आली, गॉगल आला, आणि गुलाल एवढा उधळला की सख्ख्या आईनंही ओळखू नये.

सख्ख्या आईनं ओळखलं.

"आवं, ह्यो माझा न्हाई," मनुबाई स्टेजवर हळूच म्हणाली.

"काकू, साहेब बघत्यात. ओवाळा," लालासाहेब त्याहून हळू म्हणाले.

तिनं डोळे मिटून ओवाळलं. साहेबांनी पेढा भरवून तिचं व्रत जाहीररीत्या सोडवलं. तो तिनं पदराआड थुंकून टाकला.

पुढे ऋषिराज परीक्षा पास झाला, शपथ घेतली आणि काळी ट्रंक घेऊन एसटीतून उतरला. स्टँडवरच लालासाहेबांनी गाठलं.

"गड्या, वर्दी काढून ये. मानसं घोळात पडतील. जवान कवाच येऊन गेला."

"मग मी कोन?"

"त्ये बैठकीत बघू."

तोवर धुळा हायस्कुलात प्रशिक्षणातल्या हालअपेष्टांवर व्याख्यानं देऊ लागला होता. उस्तादांचा आवाज तर तो लय झकास काढायचा. ऋषिराजनं बनियनवर, गोठ्यामागच्या वाटेनं घर गाठलं. एका जवानाला दोनदा ओवाळत न्हाईत, असं शेजारणीनं बजावलंच होतं. मनुबाईनं आतून कडी लावली, त्याला वर्दी चढवायला लावली आणि मग निरांजन पेटवलं.

सध्या तो सीमेवर आहे. परवा त्याला मोबाइलवर मिरवणुकीचा फोटो आला: वीरपुत्र ऋषिराज यांना मानाचा मुजरा. खाली प्रतिक्रियांत तिरंग्यांच्या, जोडलेल्या हातांच्या इमोजींचे ढीग. बर्फात उभं राहून त्यानं सलाम ठोकणाऱ्यांची नावं एकेक करून वाचली.

वाचकहो, त्यांत तुमचंही होतं.