शेकाचे शत्रू भोईरकाका

आमच्या डोंबिवलीच्या फिजिओथेरपी दवाखान्यात भोईरकाका दुसऱ्यांची मशिनं बंद करतात. तुम्ही खांद्यावर शेक घेत जरा डोळे मिटलेत, की भिंतीवरचं बटण खट्‌! "झाला शेक. हात हलवा आता. झोपायला घर नाय का?"

हे डॉक्टर नव्हेत. आमच्यासारखेच पेशंट, गुडघ्याचे. पण दवाखान्याचा गाळा त्यांच्या मालकीचा, त्यामुळे व्यायाम करून घेणाऱ्या सायलीमॅडम त्यांना काही बोलत नाहीत आणि ते सगळ्यांना बोलतात.

माझा खांदा आखडलेला. वेणी घालायलाही हात वर जाईना. ती नवरा घालायचा, वाकडीतिकडी, आणि मी शिकवते त्या वर्गातल्या मुली तोंडावर वह्या धरून हसायच्या. व्यायाम टाळलात तर हात असाच राहील, असं मॅडमनी बजावलं होतं. पण दुखायचं इतकं, की घरी मी व्यायामाला हातच लावत नसे.

"टीचर, पोरांना गृहपाठ देता ना? तुमचा केला का?" काकांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं.

"केला," मी म्हटलं.

"मग करा हात वर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाचा काय संबंध? मी घरी येऊन जाहीर केलं, उद्या शेवटचं जाणार आणि मॅडमना नाही म्हणून सांगणार.

दुसऱ्या दिवशी नवरा सोबत आला. मी यापुढे येणार नाही म्हटलं, तरीही मॅडमनी एकदा हात वर नेऊन बघितला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नवरा कळवळून म्हणाला, "मॅडम, राहू द्या. दुखतंय तिला. बंदच करू या हे."

काका ताडकन उठले. "तू गप ऱ्हा! मोठा आला मायेचा!"

"काका, बायको माझी आहे," नवराही भडकला.

"माझी पन माझीच होती."

काकांचा आवाज एकदम खाली आला. "खुबा मोडलेला तिचा. आपरेशन झाला, घरी बाय यायची व्यायाम करून घ्यायला. ही रडायची. मना बघवंना. तिसऱ्या दिवशी मी त्या बायला बोललो, उद्यापासून येऊ नको. हिला वाटला, किती जीव लावतो नवरा. मग ती उठलीच नाय. दोन वरसं खाटेवर होती. गेली पन खाटेवरनंच."

नवऱ्याने मान खाली घातली. मी मॅडमना म्हटलं, "न्या वर."

या खेपेला मी किंचाळलेच. थोड्या वेळाने दम खाताना पाहिलं, तर काकांची खुर्ची रिकामी. ते बाहेर जाऊन उभे होते, आमच्याकडे पाठ करून. दोन्ही हात कानांवर घट्ट दाबलेले.